आधी पाणी मोजा, मग मेगावॅट

‘स्वीडनमध्ये जाळायला कचरा उरला नाही, म्हणून तो देश शेजाऱ्यांकडून कचरा विकत आणतो.’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत अधूनमधून आपल्यापर्यंत येतोच. खाली हात जोडलेली दोन चित्रं आणि एक प्रश्न: आपल्याकडे कधी होणार? मग ग्रुपवरचे चार जण आपापल्या महापालिकेला शिव्या देतात, एखादा माजी नगरसेवक ‘प्रस्ताव शासनाकडे गेलाय’ असं सांगतो आणि विषय थंड होतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत.

मेसेज अर्धा खरा आहे. स्वीडन बाहेरचा कचरा आणतो, नॉर्वेचा आणतो, ब्रिटनचा आणतो. पण विकत आणत नाही. पैसे घेऊन आणतो. कचरा देणारा पैसे देतो आणि घेणारा ते मोजून खिशात घालतो. युरोपात कचरा जाळणाऱ्या कारखान्याच्या दारात गाडी आली की आधी वजन होतं आणि टनावर बिल लागतं. ब्रिटनमध्ये हे बिल गेली काही वर्षं टनाला नव्वद-शंभर पौंडांच्या घरात आहे, म्हणजे आपले दहा-बारा हजार रुपये. कारखान्याचा संसार मुख्यतः त्यावर चालतो, वीज ही वरकमाई. आपल्याकडे मात्र प्रकल्पाची जाहिरात होते तेव्हा मेगावॅटचा आकडा ठळक असतो आणि टनाला कोण किती देणार, हे करारातल्या कुठल्या तरी पानावर बारीक अक्षरात असतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार या आपल्या शहरांनी कचरा जाळून वीज करण्याच्या नादी लागू नये. कचऱ्यातून ऊर्जा काढायला माझा विरोध नाही, उलट ती काढावीच. पण आपल्या कचऱ्यातली ऊर्जा भट्टीत निघणारी नाही, ओला कचरा कुजवून गॅस करणाऱ्या टाकीत निघणारी आहे. आणि तीही तो घराच्या दारात वेगळा झाला तरच.

परदेशातलं चित्र नीट बघितलं तर प्रत्येक देशाने कचरा जाळायचं कारण वेगळं आहे, आणि गंमत म्हणजे वीज हे कारण फारच थोड्यांचं आहे. स्वीडन-डेन्मार्कमध्ये मुख्य माल आहे तो उष्णता. तिथे गावभर जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप गेलेले असतात आणि कारखान्यातली उष्णता त्या पाण्यातून घराघरात पोचते. कचऱ्यातल्या ऊर्जेपैकी विजेत जेमतेम पाव हिस्सा जातो. बाकीची उष्णता विकली जाते म्हणून हिशेब जमतो. शिवाय स्वीडनने २००२ साली जळण्याजोगा कचरा पुरण्यावर बंदी घातली आणि २००५ साली जैविक कचरा पुरण्यावर. भट्टीला माल मिळेल अशी व्यवस्था कायद्याने केली, आणि ओला माल बऱ्याच प्रमाणात बाजूला काढला. आता हाच कारखाना आणून जळगावात बसवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, टाकीतलं पाणी असंच हात भाजण्याइतकं तापलेलं, आणि आपण घरोघर गरम पाण्याचा पाइप देणार? म्हणजे कचऱ्यातली पाऊण ऊर्जा आपल्याकडे सरळ आभाळात जाणार. तापीच्या काठावर आधीच काय कमी ऊन आहे!

जपानचं कारण जमीन. डोंगराळ देश, पुरायला जागा नाही. १९७१ साली टोकियोच्या गव्हर्नरांनी ‘कचरायुद्ध’ जाहीर केलं होतं, कारण कोतो भागाने म्हटलं, सगळ्या शहराची घाण आमच्याच अंगणात का? आणि सुगिनामीचे लोक आपल्याकडे भट्टी होऊ देईनात. तिथे आज हजाराच्या आसपास भट्ट्या आहेत, पण निम्म्याहून कमी ठिकाणी वीज तयार होते. बाकीच्या भट्ट्या नुसतं आकारमान कमी करण्यासाठी जाळतात. सिंगापूरचं कारण तेच, आणखी टोकाचं. तिथली राख नावेतून सेमाकाऊ नावाच्या बेटावर नेऊन टाकतात. १९९९ साली ती जागा सुरू झाली आणि सध्याच्या वेगाने २०३५ च्या सुमारास भरेल असं तिथलं सरकारच सांगतं. जाळलं म्हणजे संपलं, असं समजणाऱ्यांनी ते बेट लक्षात ठेवावं. शंभर टन कचरा जाळला की युरोपातही वीस-पंचवीस टन राख उरते. आपल्या कचऱ्यात झाडलोटीची माती जास्त, त्यामुळे राखही जास्त.

ही काही नवी विद्याही नाही. लंडनच्या शोरडिच भागात १८९७ सालीच कचरा जाळून दिवे लावले गेले होते. त्यापूर्वी १८७४ मध्ये नॉटिंगहॅमला पहिली मोठी भट्टी बसली. सव्वाशे वर्षं जुन्या गोष्टीला ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’ म्हणून फीत कापायला आपण तयार असतो, असो.

आता आपल्या कचऱ्याकडे येऊ, कारण सगळं तिथेच अडतं.

धुळ्यात पाच कंदिलाच्या बाजारात दुपारी दोनच्या पुढे एकदा उभं राहून बघावं. मेथीच्या जुड्यांचे देठ, फ्लॉवरची पानं, किडकी वांगी, दबलेले टोमॅटो, उसाच्या रसवंतीचा चोथा, शहाळ्यांची टरफलं, आणि या सगळ्याखाली नारळाच्या दोरीने बांधलेली कसलीशी पिशवी, जिच्यातून पाणी गळतंय. केळीच्या हंगामात जळगाव-रावेरकडे यात घडाचे दांडे आणि साली मिळवा. केळीच्या सालीत ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पालेभाजीत नव्वदच्या आसपास. घरातला कचरा याहून फार वेगळा नाही. कालची भाकरी, भरताच्या वांग्यांची जळकी सालं, चहाचा चोथा, आणि वर अंगण झाडलेली माती. घंटागाडीवरच्या एकाला विचारलं की ओला-सुका वेगळा का घेत नाही, तर तो म्हणाला, ‘‘दादा, वला का सुका, गाडीमा पडना का एकच व्हस.’’ त्याचं चूक नव्हतं. गाडीला कप्पा एकच होता.

या गाडीतला एक किलो कचरा घ्या आणि साधं गणित करा. त्यात अर्धा किलो पाणी धरू, दोनशे ग्रॅम माती-खडी धरू. उरले तीनशे ग्रॅम, जे खरंच जळतं: कागद, कापड, काड्या, प्लास्टिक, वाळलेलं अन्न. त्याला किलोमागे सरासरी चार हजार किलोकॅलरी दिल्या तर मिळाल्या बाराशे. पण अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला तीनशे किलोकॅलरी आधीच खर्ची पडल्या. हातात उरल्या नऊशे. जागतिक बँकेने १९९९ साली या विषयावर मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. तिच्यात म्हटलंय की वर्षाची सरासरी किलोला सात मेगाज्यूल, म्हणजे साधारण सोळाशे-सतराशे किलोकॅलरी असेल तरच भट्टीचा विचार करा, आणि कुठल्याही ऋतूत ती सहा मेगाज्यूलच्या खाली जाऊ देऊ नका. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, आणि उघड्या कुंडीतला, उघड्या ट्रॉलीतला कचरा त्या पावसात भिजतो. जुलैतल्या कचऱ्याला आग लावायची तर वरून डिझेल ओतावं लागेल. आपल्याच केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही पुनर्वापर न होणारा आणि किलोला १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला कचरा पुरू नका, त्याची ऊर्जा करा, असं म्हटलं. सरसकट सगळा मिश्र कचरा भट्टीत घाला, असं नाही.

हे पुस्तकी गणित नाही, दिल्लीत ते पैसे घालून पडताळून झालंय. १९८७ साली तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाचा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज. रचना केली होती किलोला १४६२ किलोकॅलरी धरून. प्रत्यक्षात दिल्लीचा कचरा भरला सहाशे-सातशे. तीन आठवड्यांच्या आसपास चालून भट्टी बंद पडली ती पडलीच. यंत्र चांगलं होतं, डॅनिश कचऱ्यासाठी चांगलं होतं. त्यानंतर दिल्लीतच ओखल्याला २०१२ पासून मोठा प्रकल्प चालू आहे, पण शेजारच्या वस्त्यांतल्या लोकांची धुराविरुद्धची कोर्टकचेरीही तेव्हापासून चालू आहे.

इथे कोणी तरी चीन काढणारच, आणि काढावा. तो सगळ्यात अवघड आक्षेप आहे. चिन्यांच्या स्वयंपाकघरातला कचराही आपल्यासारखाच ओला, मग त्यांनी जगातली सगळ्यात मोठी क्षमता कशी उभी केली? शेनझेनला एकच कारखाना रोज पाच हजार टन जाळतो. उत्तर असं की त्यांनी पाण्याचा प्रश्न टाळला नाही, त्याच्यावर खर्च केला. कचरा आला की मोठ्या बंद हौदात पाच-सात दिवस ठेवतात, वरखाली करतात, त्याचं काळं पाणी निथळू देतात आणि त्या पाण्यासाठी वेगळं शुद्धीकरण केंद्र चालवतात. वर २०१२ पासून सरकारने टनामागे पहिल्या २८० युनिटांना ०.६५ युआन असा बांधीव दर दिला. शहरं कोट-कोट वस्तीची, पैसा सरकारचा, आणि जागेला विरोध झाला तर तो दाबायची ताकदही सरकारची. तरीही २००९ साली ग्वांगजौच्या पानयू भागात आणि २०१४ साली हांगजौजवळ लोक रस्त्यावर उतरलेच. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. २०१९ च्या १ जुलैपासून शांघायने घरोघरी वर्गीकरण सक्तीचं केलं, मग इतर शहरांनी. आता तिथल्या कित्येक भट्ट्यांना पुरेसा कचरा मिळत नाही. आधी भट्ट्या बांधल्या, मग वर्गीकरण शिकवलं, आणि वर्गीकरण जमायला लागलं तशा भट्ट्या उपाशी राहायला लागल्या. आपल्याला हाच उलटा क्रम गिरवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

विजेचा मोह किती मोठा आहे तेही आकड्यांत पाहू. पिंपरी-चिंचवडने मोशीला केलेला प्रकल्प २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला: रोज सुमारे ७०० टन कचरा, १४ मेगावॅट वीज. म्हणजे एका मेगावॅटला पन्नास टन. जळगाव शहर २०११ च्या जनगणनेत चार लाख साठ हजारांचं होतं, आज पाच लाख धरू. माणशी ४०० ग्रॅम कचरा धरला तर दोनशे टन. मोशीचं गुणोत्तर उदारपणे जसंच्या तसं लावलं तर चार मेगावॅट. धुळ्याचे तीन-साडेतीन, भुसावळचे दीड. सगळं मिळून नऊ मेगावॅट. आता भुसावळहून हाकेच्या अंतरावर दीपनगरचं औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथे पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोनच संच धरले तरी हजार होतात. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. सूर्य रात्री नसतो हे धरूनही त्याची चोवीस तासांची सरासरी वीस-पंचवीस मेगावॅट पडते. ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग संपता संपत नाही. ऊन, वारा आणि कोळसा, तिन्हींची वीज करणाऱ्या प्रदेशाने भाजीच्या देठांपासून नऊ मेगावॅट मिळवायला शेकडो कोटी घालायचे, याला काय म्हणावं?

‘पण आमच्या मळ्यात रात्रीची लाइट येते, साप-विंचवाच्या अंगावर पाय देत पाणी भरतो आम्ही, आणि तुम्ही म्हणता वीज नको?’ असं चोपड्याचा किंवा शहाद्याचा शेतकरी म्हणेल तर त्याला उत्तर द्यायला हवं. त्याची लाइट रात्री येते ती निर्मिती कमी पडते म्हणून नाही. फीडर, रोहित्रं, थकबाकी, वेळापत्रक, या वाटपाच्या भानगडी आहेत. दिवसाच्या विजेचं उत्तर त्याच्या गावाजवळच्या गायरानावर उभ्या राहणाऱ्या सौर पॅनेलांत आहे. शहरातल्या कचऱ्याच्या भट्टीने त्याच्या मोटरीला एक युनिटही दिवसा मिळणार नाही.

आणि जाळायचंच असेल तर खानदेशात जाळण्यालायक माल कमी आहे का? कापसाची वेचणी संपली की बांधाबांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. वाळलेली पऱ्हाटी किलोला साडेतीन हजारांच्या पुढे किलोकॅलरी देते, आपल्या मिश्र कचऱ्याच्या जवळजवळ चौपट. ती शेतकरी पेटवून देतो, कारण उचलायला कोणी येत नाही. औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के जैविक गोळ्या, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या, जाळाव्यात असं केंद्राचं धोरण आहे. दीपनगर आणि कपाशीचं शिवार यांत अंतर तरी किती आहे? हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय. पण जे वाळलेलं आहे ते शेतात राख होऊ द्यायचं आणि जे निथळतंय ते भट्टीत कोंबायचं, हा उफराटा कारभार सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पैशाचं बघू. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ साली कचऱ्यापासूनच्या विजेला युनिटला सात रुपयांहून जास्त दर ठरवला होता. उन्हापासूनची वीज आज अडीच-तीन रुपयांत मिळते. २०१६ च्या दरधोरणात वीज कंपन्यांनी कचऱ्याची सगळी वीज घेतलीच पाहिजे असंही आलं. फरक कोण भरतो? आपल्या बिलातून तुम्ही-आम्ही. तरीही भरला असता, कचरा खरोखर संपत असता तर. पण या प्रकल्पांच्या करारांत एक कलम असतं, त्याकडे महासभेत कोणी बोट दाखवत नाही: महापालिका रोज किमान इतके टन कचरा देईल, न दिल्यास भरपाई देईल. वीस-पंचवीस वर्षांसाठी. म्हणजे पुढच्या पंचवीस वर्षांत शहराने कचरा कमी करायचा नाही, वेगळा करायचा नाही, खत करायचं नाही, असा करारच झाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्ग. कचराभट्टीच्या दुरुस्तीवर कर्जावर कर्ज घेत गेली आणि २०११ साली नगर परिषदेने दिवाळखोरीचा अर्ज केला. डेन्मार्कची ती प्रसिद्ध कोपनहेगनची भट्टी, जिच्या छपरावरून लोक बर्फावर घसरतात तसे घसरतात, ती शहराच्या गरजेपेक्षा मोठी बांधली. पुढे बाहेरचा कचरा आणायची परवानगी मागायची वेळ आली. २०२० साली डेन्मार्कने ठरवलं की देशातली जाळण्याची क्षमताच तीस टक्क्यांनी कमी करायची, कारण परदेशी प्लास्टिक जाळून आपल्या हवेत कार्बन सोडण्यात शहाणपण नाही. ज्यांच्याकडून आपण यंत्र आणायला निघालोय ते ती यंत्रं कमी करायला निघालेत.

भट्टीला नेमकं काय हवं असतं? वाळलेला कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. आणि हेच कचऱ्यातलं विकलं जाणारं सामान. पहाटे पाठीवर पोतं घेऊन निघणारी बाई जे वेचते ते हेच. जळगावला तर याला आणखी एक पदर आहे. जळगावची चटई देशभर जाते. प्लास्टिकचे पाइप आणि चटया यांच्यावर इथल्या एमआयडीसीतली किती कुटुंबं जगतात, ते शहरात कोणालाही विचारा. जुन्या प्लास्टिकचा दाणा पाडून त्याची चटई होते. जो माल इथल्याच कारखान्यात दाणा होऊन पुन्हा बाजारात जाऊ शकतो, तो सात रुपयांच्या विजेसाठी चिमणीतून सोडायचा? पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते, सुका विकते, आणि त्यातून त्यांची घरं चालतात. त्या बायकांच्या हातातून जाणारा प्रत्येक किलो ना कुठल्या भट्टीत जाळावा लागतो, ना जमिनीत पुरावा लागतो. खानदेशातल्या एखाद्या महापालिकेने अशी संस्था उभी राहायला मदत केली, तर तिच्यावर होणारा खर्च प्रकल्प अहवालाच्या सल्लागाराच्या फीपेक्षा जास्त नसेल, अशी माझी पैज आहे.

धुराबद्दल मी अतिशयोक्ती करणार नाही. युरोपातल्या चांगल्या भट्टीची चिमणी खरोखर स्वच्छ असते. वायू किमान दोन सेकंद ८५० अंशांवर ठेवायचा, पिशव्यांचे फिल्टर, सक्रिय कोळसा, चुना, आणि चोवीस तास मोजमाप. हे सगळं केलं तर धुरातली डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं फार कमी होतात. जपाननेही हे सहज केलं नाही. १९९० च्या दशकात तिथे डायॉक्सिनवरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा १९९९ साली खास कायदा आला आणि कित्येक जुन्या भट्ट्या बंद झाल्या. प्रश्न तंत्राचा नाही. ओल्या कचऱ्याने तापमान सहाशेवर घसरलं, तर रात्री दोन वाजता ते बघणार कोण, आणि फिल्टर बदलायचे पैसे थकले तर भट्टी बंद ठेवणार कोण? ज्या शहरात घंटागाडीचा ठेकेदार बिल थकलं म्हणून चार दिवस गाड्या उभ्या करतो, तिथे हा प्रश्न विचारायला नको?

तसाच दुसऱ्या बाजूचा मुद्दाही मान्य करतो. ‘भट्टी नको’ म्हणणाऱ्यांना कचरा डेपोजवळ राहावं लागत नाही. उन्हाळ्यात आव्हाण्याच्या शिवारात किंवा धुळ्याच्या वरखेडी रोडला राहणाऱ्याला धूर काय असतो हे सांगायची गरज नाही. ढीग आतून धुमसतो, आणि ना ८५० अंश, ना फिल्टर. उघड्यावर जळणारा ढीग कुठल्याही भट्टीपेक्षा वाईट. अदिस अबाबात २०१७ साली कोशेचा ढिगारा कोसळला आणि शंभरावर माणसं गाडली गेली. दिल्लीत गाझीपूरचा ढिगारा त्याच वर्षी ढासळला, दोघं गेले. तेव्हा ढीग तसाच राहू द्या, असं मी म्हणतच नाही. पण जुन्या ढिगात जाळण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. चाळून पाहिलं तर बहुतांश माती निघते. आणि नवा ढीग कुजतो, गॅस सोडतो, पेटतो, तो त्यातल्या ओल्या मालामुळे. ओला माल डेपोवर गेलाच नाही तर ढीग धुमसणारच नाही.

म्हणून टाकी. भट्टी विझवणारं जे पाणी, तेच गॅसच्या टाकीतल्या जिवाणूंना हवं असतं. वाळवायला नको, वाफ करायला नको. केळीचा दांडा, शिळी भाकरी, मेथीचे देठ, सगळं चालतं. यासाठी स्टॉकहोमला जायची गरज नाही. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत निघालं की पाच तासांत इंदूर. आपल्याकडचे लोक दवाखान्याला जातात, लग्नाच्या साड्यांना जातात, सराफ्यात रात्री खायला जातात. तिथे देवगुराडियाजवळ २०२२ च्या फेब्रुवारीत रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून सतरा हजार किलो सीएनजी करणारा प्रकल्प सुरू झाला. कंपनी उलट महापालिकेला वर्षाला ठरावीक रक्कम देते आणि गॅस शहरबसला जातो. पैशाची दिशा बघा. त्याच गुणोत्तराने जळगावच्या शंभर टन ओल्या कचऱ्यातून तीन हजार किलो गॅस निघेल. सगळ्या घंटागाड्या त्यावर चालवून उरेल. मागे राहिलेला गाळ खत म्हणून केळीच्या बागेत जाईल. रावेर-यावलचा बागाईतदार खत विकत घेतो, त्याला त्यात काच आणि ब्लेडचे तुकडे नको असतात, एवढंच. नाशिकने तर हॉटेलांचा ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र घालून गॅस आणि वीज करायचा प्रकल्प जर्मन मदतीने केला आहे.

गॅसचे प्रकल्पही बंद पडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पाच-दहा टनांच्या टाक्या गंजून पडल्यात. कारण बहुतेक वेळा एकच: टाकीत प्लास्टिक आणि रेती गेली. इंदूरची खरी मशिनरी ती टाकी नाहीच. दारात आलेली, वेगवेगळ्या कप्प्यांची गाडी, आणि मिसळलेला कचरा परत करायचा धीर असलेला कर्मचारी, ही ती मशिनरी. ते इंदूरने २०१६ पासून, टाकी बांधायच्या कितीतरी आधी केलं.

शेवटी जे उरतं, म्हणजे बिस्किटांचे चकचकीत पुडे, फाटक्या चिंध्या, चपला, थर्माकोल, त्याचं काय? ते जाळायला माझी हरकत नाही. वाळलेलं आहे, उष्मांक भरपूर आहे, विकलं जात नाही. पण त्यासाठी प्रत्येक शहरात भट्टी नको. सिमेंटच्या भट्टीत १४०० अंशांच्या वर तापमान असतंच आणि राखही सिमेंटमध्येच जाते. सातपुडा ओलांडला की धार जिल्ह्यात मनावरला सिमेंटचा कारखाना आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार या शहरांनी मिळून एका ठिकाणी गठ्ठे बांधले आणि एकत्र दर ठरवला, तर वाहतूक परवडू शकेल. पाच शहरांचे पाच आयुक्त-मुख्याधिकारी एका टेबलाला बसवणं भट्टीपेक्षा अवघड, हे मलाही कळतं.

तरी उद्या कोणी मेगावॅटचा प्रस्ताव घेऊन आलाच, तर महासभेत हात वर करणाऱ्या नगरसेवकाने त्या क्षणी एवढं तरी विचारावं: आपल्या कचऱ्याचा उष्मांक जुलै महिन्यात मोजला का, आणि कोणी? किमान टनांचं कलम आहे का, आणि कचरा कमी पडला तर दंड किती? प्रति टन आपण देणार की आपल्याला मिळणार? राख कोणाच्या शिवारात जाणार, आणि त्या गावच्या ग्रामसभेला विचारलंय का? चिमणीचं मोजमाप गेटबाहेरच्या पाटीवर तासातासाला दिसणार का? उत्तरं कागदावर मागावीत. आणि ती येईपर्यंतच्या वेळात गाड्यांना दुसरा कप्पा पाडून घ्यावा. पत्रा कापून मधे पडदी टाकायचं काम औद्योगिक वसाहतीतला कुठलाही फॅब्रिकेटर एका दिवसात करून देतो.